उलट्या खुर्च्या

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

ही माझ्या नणंदेची, ग्लेनिसची गोष्ट. गाव ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल. जून महिना, म्हणजे आमचा कडक हिवाळा. चहा होईपर्यंत बाहेर अंधार. आणि हे कुठे स्मशानात घडलं नाही. भर बाजारात, दिवेलागणीला घडलं.

भर बाजार म्हणायचा आपला. पोलादाचा कारखाना बंद पडला, माणसं गावाबाहेरच्या मॉलकडे वळली आणि जुना बाजार ओस पडला. दुकानांना टाळी. काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली.

मग बाजार पुन्हा जिवंत करायची योजना आली. त्या योजनेच्या ऑफिसात केरिन होती, ग्लेनिसची शाळेपासूनची जिवलग मैत्रीण.

ग्लेनिस वेताच्या जुन्या खुर्च्या विणून द्यायची. लग्न मोडल्यापासून एकटा जीव. आईच्या घरात राहायची आणि मागच्या शेडमध्ये काम करायची.

"शेडमध्ये किती दिवस कुढत बसणार गं?" केरिन म्हणाली. "बाजारातलं एक रिकामं दुकान घे. भाडं नाही. अट एकच, संध्याकाळी खिडकीत दिवा हवा."

"दिवा कशाला?"

"दिवा दिसला की माणूस थांबतो. एक थांबला की चार येतात. ओसाड रस्ता असाच जागा होतो."

"आणि जागा झाल्यावर मला हाकलाल!"

"वेडी आहेस का? दुकान तुझंच. मी आहे ना."

मी आहे ना. एवढ्या शब्दावर माझ्या नणंदेने त्या दुकानात जीव ओतला. काचा खरवडल्या, भिंती रंगवल्या. दुकान पूर्वी मिल्कशेकचं होतं. संगमरवरी टेबलं तशीच होती, ती तिने घासून लख्ख केली. रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावून ती विणत बसायची.

आणि खरंच, लोक थांबायला लागले. शेजारी एक बेकरी आली, मग एक कुंभारीण आली. शनिवारी रस्त्यावर पोरांचा गलका ऐकू यायला लागला. ग्लेनिस इतकी खूश मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

मग ते सुरू झालं...

ती मागच्या खोलीत वेत भिजवत होती. पुढून आवाज आला. घर्रर्र... मिल्कशेकचं जुनं यंत्र फिरावं तसा.

दुकानात यंत्र नव्हतं.

खट्...

खिडकीतला दिवा गेला. ती धावत पुढे आली. दाराला आतून कडी होती. व्हॅनिलाचा मंद वास येत होता. आणि रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या तिच्या सगळ्या खुर्च्या...

टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. पाय वर करून.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. मग वरचेवर.

"वायरिंग जुनं आहे," केरिन हसली.

"वायरिंग खुर्च्या उलट्या करतं?"

"मग उंदीर असतील."

"केवढे, केरिन? कांगारूएवढे?"

केरिन पोट धरून हसली. मग एकदम गंभीर झाली. "दिवा तेवढा बंद ठेवू नकोस हं. तुझ्या खिडकीवर सगळा रस्ता उभा आहे."

एके दिवशी दुपारी एक म्हातारी आत आली. संगमरवरावरून हात फिरवत उभी राहिली.

"माझ्या बाबांचं दुकान हे," ती म्हणाली. तिचं नाव देस्पिना. "पनायोतिस हे ग्रीक नाव त्यांचं. इथल्या लोकांची जीभ वळेना, म्हणून गावाने पीटर करून टाकलं."

ग्लेनिसने तिला बसवलं, चहा दिला. म्हातारी बोलत राहिली.

"तेव्हाही बाजार सुधारायला निघाले होते हो. गाड्या बंद केल्या, विटा घातल्या, बाकं टाकली. बाबांचं एक रोजचं गिऱ्हाईक त्या सुधारणाऱ्या मंडळींत होतं. तो म्हणायचा, पीटर, दिवा तेवढा चालू ठेव, चांगले दिवस तुझेच आहेत. बाबांनी शेजाऱ्यांनाही थांबवून धरलं. गाड्या गेल्या, तशी गिऱ्हाइकंही गेली. आणि तो शहाणा पुन्हा कधी फिरकला नाही. एके सकाळी बाबा खुर्चीतच गेलेले सापडले. खिडकीत दिवा जळत होता."

ग्लेनिसने मध्येच विचारलं, "दुकान बंद करताना ते खुर्च्या..."

"टेबलांवर उलट्या ठेवायचे. मग दिवा मालवायचे. पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

 ग्लेनिसला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं दुकान परत हवंय. तो आपल्याला हुसकावतोय.

पण तीही हट्टी. दिवा गेला की लावायची. "पीटर, पुरे झालं. आता दुकान माझं आहे," असं मोठ्याने म्हणायची. आवाज मात्र कापायचा.

आणि ती संध्याकाळ आली.

रस्त्यावर मोठा समारंभ होता. समोरच्या पाडलेल्या इमारतीभोवती पत्र्यांचं कुंपण घातलं होतं, ते कापडाने झाकलेलं होतं. बडी मंडळी येणार होती. केरिन लवकर आली आणि स्वतः खुर्च्या मांडायला लागली.

"तू बाहेर येऊ नकोस," ती म्हणाली. "खिडकीत बसून विणत राहा. फार छान दिसतं ते. आणि आज दिवा जाता कामा नये."

बाहेर टाळ्या वाजल्या. बँड वाजायला लागला.

खट्...

"लाव, लाव लवकर!" केरिन ओरडली.

ग्लेनिसने दिवा लावला.

खट्...

"पीटर!" ग्लेनिस किंचाळली. तिने बटणाकडे हात नेला...

तिच्या हातावर एक हात आला.

थंड होता. पण त्याने पकडलं नाही, ओढलं नाही. वडीलधारं माणूस लेकराला थांबवतं तसा तो नुसता ठेवलेला होता. ग्लेनिसने घाबरून मान वळवली आणि तिची नजर काचेतून बाहेर गेली.

इतके दिवस दिवा आत असायचा. काचेत तिला स्वतःचंच तोंड दिसायचं, आणि आपल्या खुर्च्या. बाहेरचं काही दिसायचंच नाही.

आज अंधार होता, म्हणून दिसलं.

कुंपणावरचं कापड उतरलं होतं. झगझगीत उजेडात भलंमोठं चित्र उभं होतं, उद्याच्या रस्त्याचं. झाडं, हसरी माणसं, बाबागाड्या. तिच्या दुकानाच्या जागी काचेची उंच इमारत होती. बेकरी नाही. कुंभारीण नाही. तिचं दारसुद्धा नाही.

"केरिन... माझं दुकान कुठंय?"

केरिन अंधारात दिव्याचं बटण चाचपत होती.

"माझं दुकान कुठंय?"

"अगं, ते तात्पुरतंच होतं ना. रस्त्याला भाव आला, मालकाने विकून टाकलं. मी तरी काय करणार? मी सांगणारच होते तुला. आजचा कार्यक्रम झाला की."

आजचा कार्यक्रम झाला की! म्हणजे आजच्यापुरता दिवा हवा होता. गरज सरो, वैद्य मरो. तिने केसाने गळा कापला, आणि वर खुर्च्याही स्वतःच्या हाताने मांडल्या.

मागे वेत करकरला...

कर्र...

कुणीतरी खुर्चीतून उठलं. केरिनलाही ते ऐकू आलं. ती मागे न बघता दार उघडून पळाली. ग्लेनिस अंधारात उभी राहून ढसाढसा रडली. मेलेल्या माणसाला ती भ्यायली होती आणि जिवंत मैत्रिणीवर विसंबली होती.

आता तिथे काचेची इमारत आहे. ग्लेनिस पुन्हा शेडमध्ये काम करते. दुकानातून तिने एकच खुर्ची घरी आणली. संध्याकाळी ती आधी अंधारात बसून बाहेर बघते, मगच दिवा लावते. आम्ही तिची थट्टा करायचो.

गेल्या रविवारपर्यंत.

ग्लेनिस राहते ते आईचं घर आता तिचं आणि तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. बाजार सुधारला, तसा तिकडेही भाव चढलाय. त्याला घर विकायचंय. "तूच विषय काढ. ती तुझं ऐकते," असं म्हणून त्याने मला पाठवलं. मी केक घेऊन गेले. दिवा लागलेला होता. ती स्वयंपाकघरात चहा ठेवत होती. मी मनात शब्द जुळवत होते. काळजी करू नकोस, ग्लेनिस. मी आहे ना...

खट्...

अंधारात व्हॅनिलाचा वास आला. मला वाटलं, केकचा असेल.

पण केक तर आलं घालून केलेला होता.

डोळे सरावले तेव्हा ती खुर्ची दिसली. माझ्यासमोर, टेबलावर, पाय वर करून ठेवलेली.

ग्लेनिस दारात उभी होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"तू आज काय सांगायला आली आहेस?" तिने शांतपणे विचारलं.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.