पहिल्या तीन बाटल्या

"नऊ बाटल्या, नऊ चिठ्ठ्या आणि एक घड्याळ," प्रोफेसर म्हणाला. "आता फक्त पाणी यायचं बाकी आहे."

"आणि तुझा चष्मा पुसायचा," शेजारचा गोटी म्हणाला. "मघाशी मलाच बाटली समजून चिठ्ठी चिकटवत होतास."

सकाळचे सहा वाजत आले होते. टिटवी नळाकडे डोळे लावून बसली होती. जरा काही झालं की गलका करते, म्हणून गल्लीने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. पण या पंधरवड्यात ती हसायचीही विसरली होती. तिचा सहा वर्षांचा भाऊ पिल्लू महिन्यात दुसऱ्यांदा दवाखान्यात होता. "पाण्यातून आलंय," असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. उद्या त्याला घरी सोडणार होते. घरी म्हणजे पुन्हा याच नळापाशी. आई पिण्याचं पाणी उकळायची. पण चूळ भरता भरता नळालाच तोंड लावणाऱ्या मुलावर पहारा तरी किती ठेवणार?

आणि गावाचं पाणी तपासण्याची नोकरी तिच्या बाबांचीच होती. रोज सकाळी ते प्रत्येक गल्लीतल्या एका नळाचं पाणी काचेच्या नळीत धरत आणि त्यात औषधाचे दोन थेंब टाकत. पाणी पिवळं झालं, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीन त्यात आहे. अकरा वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता, आणि या गल्लीचं पाणी रोज पिवळं होत होतं. "पाण्यात दोष नाही गं," ते म्हणत, आणि पिल्लूच्या उशाशी मान खाली घालून बसत.

परवा गोटी सहज बोलून गेला होता, "आमची पहिली बादली खारट लागते. काकू म्हणते, समुद्राकाठी राहायचं तर एवढं चालायचंच." सुट्टीला आलेल्या टिटवीच्या मामेभावाने, म्हणजे प्रोफेसरने, तेवढं वाक्य पकडलं होतं. दर मिनिटाला एक बाटली भरायची, असं मग तिघांनी ठरवलं.

नळ खाकरला, फुरफुरला, आणि धार लागली. नऊ मिनिटांत नऊ बाटल्या भरल्या. टिटवीने बाबांची पिशवी आणली आणि प्रत्येक बाटलीत दोन-दोन थेंब टाकले. नववी पिवळी झाली. आठवी, सातवी, सहावीही. पाचवी फिकट, चौथी त्याहून फिकट. पहिल्या तीन बाटल्या मात्र होत्या तशाच राहिल्या.

बाबा दाराशी येऊन केव्हाचे उभे होते.

"नमुना दहा मिनिटं पाणी सोडूनच घ्यायचा असतो," ते सावकाश म्हणाले. "नळातलं शिळं पाणी धरायचं नाही. तसा नियमच आहे."

"पण बाबा, पाणी येतंच तासभर. सगळे पहिल्याच धारेखाली भांडी लावतात."

बाबा तिथेच उंबऱ्यावर बसले. अकरा वर्षं त्यांनी नियम काटेकोरपणे पाळला होता, आणि त्या काटेकोरपणातच ही दहा मिनिटं निसटली होती.

"हे बघा," गोटी म्हणाला. पहिल्या बाटलीच्या तळाशी नखाएवढं काहीतरी चकाकत होतं. माशाचं खवलं.

गल्लीच्या वर, चढावर, मासळी धुण्याचं आवार होतं. चौघं तिथे पोचले तेव्हा सात वाजायला तीन मिनिटं होती. मोठ्या हौदात गढूळ, खारट पाणी होतं आणि नळाला जोडलेल्या रबरी पाइपाचं तोंड त्यात बुडालेलं होतं. नळ उघडाच होता.

"तो तसाच असतो," मुकादम म्हणाला. "पाणी आलं की हौद आपोआप भरतो. माणूस कशाला अडकवून ठेवायचा?"

"आणि पाणी गेलं की?" टिटवीने विचारलं.

"गेलं की गेलं. पाइपातून पाणी बाहेर येतं, पोरी. आत जातं होय कधी? सुट्टीत डोकंही शाळेत ठेवून आलात वाटतं."

"मग काका, पाइपाच्या तोंडाला तळवा लावा ना," गोटी साळसूदपणे म्हणाला. "घाबरत असाल तर राहू द्या."

मुकादमाने बाह्या सरसावल्या आणि हौदात हात घातला. सात वाजले. पाण्याचा जोर मंदावला, थांबला. खाली उतारावरच्या गल्लीतले नळ अजून उघडेच होते. पाइपातलं पाणी तिकडे ओसरू लागलं. हौदावर तरंगणारी खवली गोल गोल फिरत पाइपाकडे निघाली. मुकादमाचा चेहरा उतरला.

"अरे," तो पुटपुटला, "हा तर हात ओढतोय."

बाबांनी पाइप उचलून हौदाबाहेर टाकला. "म्हणजे हेच पाणी रात्रभर नळांत राहून उद्या पहिल्या बादलीत आलं असतं," प्रोफेसर म्हणाला.

दुपारी पाणीखात्याच्या कचेरीत साहेबांनी तिघांना खुर्च्या दिल्या. "मोठ्यांच्या डोळ्यांवर झापडं होती, ती तुम्ही उतरवलीत," ते म्हणाले. तिथे आलेल्या डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाची पाठ थोपटली. मुकादमही टोपी हातात घेऊन आला आणि म्हणाला, "पोरांनो, डोकं तुमच्यापाशीच होतं. माझंच हरवलं होतं." नळाला पाइप जोडून बुडवून ठेवायचा नाही, अशी दवंडीही फिरली. टिटवीला वाटलं, झालं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अकरा वर्षांत प्रथमच पहिल्या धारेचा नमुना धरला. दोन थेंब टाकले. नळी उजेडात धरून ते बराच वेळ पाहत राहिले. पाणी पिवळं झालं नाही.

"हौद तर बंद केला ना?" टिटवीने विचारलं.

"तो केला. पण असा पाइप किती घरांच्या पिंपांत बुडलेला असेल, कोण जाणे. जमिनीखालचे नळही धुऊन काढावे लागतील." बाबांनी नळी खाली ठेवली. "दोन दिवस लागतील, की दहा, मला सांगता येत नाही."

"मग पिल्लू?"

"आज नको. डॉक्टरीणबाईंशी बोलतो मी. त्याला तू सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही."

दवाखान्यात पिल्लू खाटेच्या कडेवर तयार बसला होता. भांग पाडलेला, पायांत सँडल, मांडीवर कपड्यांची पिशवी. दारात टिटवीला पाहताच तो खाली उतरला.

"ताई, तू चोर पकडलास ना? सिस्टरने सांगितलं."

"पकडला."

"मग पाणी चांगलं झालं?"

गल्ली डोक्यावर घेणाऱ्या टिटवीने त्याच्या हातातली पिशवी घेऊन खाटेवर ठेवली. "होतंय," ती कशीबशी म्हणाली. "अजून व्हायचंय."

पिल्लूने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तो पुन्हा खाटेवर चढला आणि त्याने एका सँडलचा बंद सोडला. दुसरी मात्र त्याने पायात तशीच राहू दिली.