विहिरीचा दोर

"दोर गेला! पोहराही गेला!" शहागंजामागच्या चौकातल्या विहिरीवरून साळूच्या वर्गातला बद्रीनाथ ओरडला.

साळू धावत आली. आज सव्वीस जानेवारी एकोणीसशे पन्नास. देशाची राज्यघटना आजपासून लागू! शाळेला सुट्टी, चौकात झेंडा. आणि झेंडा वर चढला की साळूनं चौकातल्या विहिरीचं पाणी ओढून सगळ्यांना पाजायचं, असं गुरुजींनी ठरवलं होतं. साळूच्या वस्तीतल्या माणसांना त्या विहिरीला हात लावायची बंदी होती; कुणी लावलाच, तर मार पडायचा. घागर लांब ठेवायची. कुणाला दया आली, तर तो भरून देणार.

"चोरानं नेला!" उत्सवाचे प्रमुख आप्पासाहेब हात झटकत म्हणाले. "दुकानं बंद. एवढा लांब दोर आणायचा कुठून? पाण्याचं राहू द्या, गुरुजी."

"चोर विहिरीवरची पितळी घंगाळं सोडून दोर नेतो व्हय?" साळू पुटपुटली.

तिची मैत्रीण ताहेरानं तिचा हात ओढला. "चल, देखेंगे! सकाळी सडा टाकला तवा दोर होता. म्हंजी ओलाच असंल!"

तिघं वाकून शोधू लागली. विहिरीपासून धुळीत एक ओली, नागमोडी रेघ गेली होती. ती गल्लीत वळली आणि एका कुलूपबंद दारापाशी संपली.

बद्रीनाथचा चेहरा पडला. आप्पासाहेब त्याचे सख्खे काका, आणि हे त्यांचंच कापसाचं कोठार!

ताहेरा त्याच्या खांद्यावर चढून झरोक्यातून डोकावली. "गठ्ठ्यांमागं दोर हाय! पोहरा बी!"

"काकांनाच सांगू या, देऊन टाका म्हणून," बद्रीनाथ म्हणाला.

"अन् ते म्हणतील, साळूनंच चोरला! आपलं कोण ऐकतंय?" साळू म्हणाली. "सगळ्यांम्होरं त्यांनीच कुलूप काढलं पायजे."

 बद्रीनाथ चौकाकडे धावत सुटला. "काका! कोठारात खुडबुड होतेय! कापूस पेटवला तर?"

आप्पासाहेब धोतर सावरत पळाले, मागोमाग सगळा चौक! घाईघाईत त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं. आत चिटपाखरू नव्हतं. ओला दोर मात्र सगळ्यांना दिसला!

आप्पासाहेब आधी पांढरेफटक पडले, मग मोठ्यानं हसले. "लबाड चोर! माझ्याच कोठारात लपवला की! शाबास रे पोरांनो!"

टाळ्या वाजल्या. चोराला किल्ली कुठून मिळाली, हे कुणीच विचारलं नाही. 

झेंडा चढला. साळूनं पोहरा सोडला, तळवे सोलवटले तरी ओढत राहिली. घागर भरून, पेले घेऊन ती मान्यवरांच्या पहिल्या ओळीपाशी गेली.

"धीट पोरगी हो! पण मी आत्ताच पिऊन आलोय."

"कौतुक आहे तुझं! आज गुरुवार, माझा उपास."

"मागच्यांना दे, बाळ."

गुरुजी प्यायले. बद्रीनाथ काकांच्या देखत प्यायला. ताहेरा पेल्यामागून पेला रिचवत म्हणाली, "और दे!" तिचे डोळे भरून आले होते.

उरलेली घागर घेऊन साळू घरी आली. आई, सारजाबाई, दारातच उभी होती.

"कुणी भरून दिली गं?"

"मीच वढलं, आये! माझ्या हातानं!"

सारजाबाईनं घागरीत ओंजळ बुडवली. पाणी तोंडाशी नेता नेता ती थांबली.

"कुणी पाह्यलं?"

"सगळ्यांनी!"

आईनं तिला आत ओढलं आणि भरदिवसा दाराला कडी लावून घेतली.