बंद खोलीतल्या पिसवा

आईच्या खोलीचं दार उघडून प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी आत पाऊल टाकलं, तोच त्यांच्या पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारून चढले. दहा-बारा तरी असतील. मागे सरकून त्यांनी दार ओढून घेतलं.

"आई कधीपासून बेपत्ता आहेत?"

"काल सकाळपासून," मुलगा म्हणाला. "पोलिसांत तक्रार दिलीय. आणि आमच्या बहिणाबाईंना मांजराचं सुचतंय!"

बहीण आजच परगावाहून आली होती. तिनेच डॉक्टरबाईंना बोलावलं होतं. "दादा, मनी गॅलरीत नुसती खाजवत बसलीय. बघितलंस तरी का तिच्याकडे?"

डॉक्टरबाईंनी मनीला मांडीवर घेतलं. मानेखाली केसांच्या घट्ट गाठी. शेपटीच्या मुळाशी कातडीवर मिरपुडीसारखे कण.

"आई हिला विंचरायच्या?"

"रोज," मुलगा म्हणाला. "परवासुद्धा, त्या खोलीतच."

"मग हे काय?"

"माती. कुंड्यांत लोळते ती."

त्यांनी थोडे कण ओल्या कापसावर ठेवले. प्रत्येक कणाभोवती तांबूस कडं पसरलं.

"ही पिसवांची विष्ठा आहे. पचलेलं रक्त. बारा वर्षं आई हिला माझ्याकडे आणतात. फणीत एक पिसू सापडली तरी फोन करायच्या."

"म्हातारं माणूस. राहिलं असेल एखाद दिवस."

"एखाद्या दिवसात अशा गाठी होत नाहीत. खोली कधी बंद केलीत?"

"काल! तोवर आई तिथेच होती. उलटतपासणी घेताय का?"

"तुम्ही खोटं बोलताय." डॉक्टरबाईंचा आवाज चढला नाही. "फणीने सगळ्या पिसवा निघत नाहीत. त्यांची अंडी गादीत, फटींत गळतात. पुढे कोषातली पिसू तयार झाली, तरी पावलांचा हादरा आणि अंगाची ऊब मिळेपर्यंत आत दडून राहू शकते. खोलीत वावर असता तर त्या एकेक करून बाहेर आल्या असत्या. आज माझ्या पहिल्याच पावलाला सगळ्या एकदम आल्या. तिथे कित्येक आठवडे कोणी फिरकलेलं नाही. मांजरालाही तेव्हाच बाहेर काढलंय."

बहीण भावासमोर येऊन उभी राहिली. "काल सकाळी मी येते म्हणून कळवलं, आणि कालच आई हरवली. महिनाभर फोनवर 'झोपलीय, झोपलीय' म्हणत होतास. दादा, जिवंत आहे ना ती?"

तो खुर्चीत बसला. "तू वर्षातून एकदा येणार, गोड बोलून जाणार. इथे ती रोज मला विचारायची, तुम्ही कोण?"

"कुठे आहे?"

"दुसऱ्या शहरात. सरकारी दवाखान्यात. बाकावर बसवलं, पाणी आणतो म्हणालो."

"तिथे तिचं नाव-पत्ता तरी दिलास का?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि शहराचं नाव तेवढं सांगितलं.

बहिणीने तिथल्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून नर्स म्हणाली, "आहेत एक आजी. नाव सांगता येत नाही त्यांना. दिवसभर बाकावरून उठत नाहीत. म्हणतात, माझा मुलगा पाणी घेऊन येईल, मी दिसले नाही तर घाबरेल."