टिटवीसाठी दांडा की बटण?

पाणी परातीतल्यासारखं सपाट होतं. वारा नव्हता, लाट नव्हती, आसपास दुसरी नावही नव्हती. तरीसुद्धा टिटवी उसळ्या मारत होती. तिचं नाक वर जायचं, धप्पकन खाली आपटायचं आणि पुन्हा वर जायचं. मागच्या बाकावर बसलेल्या अकरा वर्षांच्या कस्तुरीचे दात एकमेकांवर वाजत होते.

"लाटाच नाहीत, मग ही उसळते कशानं?" तिनं विचारलं.

"चांगलं विचारलंस," शेजारी बसलेल्या आत्याआजी म्हणाल्या. "पण उत्तर धक्क्याला लागल्यावर. आत्ता बोलत राहिलीस तर जीभ चावशील."

ही गोष्ट २०४३ सालच्या एप्रिलमधली. सह्याद्रीत एका धरणानं अडवलेल्या पाण्याचा लांबलचक फुगवटा आहे. त्याच्या एका काठावर कारंबे नावाचं गाव आणि दुसऱ्या काठावर दवाखाना. डोंगराला वळसा घालून गाडीनं जायचं तर तीन तास लागत. कस्तुरीचे बाबा, महिपत संकपाळ, अठरा वर्षं या पाण्यावर लाँच चालवत होते. मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बुडालेल्या झाडांची खोडं वर येत, आणि लाँचच्या बुडाखालचा पंखा त्यांत अडके. तीनदा तो मोडला होता. एकदा तर लाँचमध्ये रुग्ण होता.

म्हणून दवाखान्यानं नवी जेट बोट घ्यायची ठरवली, तीच ही टिटवी. ती ज्यांनी आखली त्या सुलोचनाबाई म्हणजे बाबांच्या आत्या, कस्तुरीच्या आत्याआजी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्यांनी तीस वर्षं पंप आणि नावा यांवर काम केलं होतं. टिटवी बॅटरीवर चाले, आणि ती बॅटरी धक्क्याजवळ तरंगणाऱ्या सौरपट्ट्यांवर भरे. टिटवी बोलायचीही. बुडाशी बसवलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐके आणि खोली सांगे: "खाली चार हात. खाली तीन हात."

बाबांनी टिटवी धक्क्याला लावल्यावर आत्याआजींनी नाव धुवायची रबरी नळी कस्तुरीच्या हातात दिली आणि पाणी पूर्ण जोरात सोडलं. नळी हातातून निसटायला बघू लागली.

"आता तोंड आकाशाकडे कर. काय वाटतं?"

"नळी हाताला खाली दाबतेय."

"आणि तोंड जमिनीकडे केलंस तर?"

कस्तुरीनं करून पाहिलं. नळीनं हात वर उचलला. "पाणी जिकडे जातं त्याच्या उलट ढकलते ही," ती सावकाश म्हणाली.

"बस, टिटवी चालते ती एवढ्याच गोष्टीवर. तिच्या पोटात चक्र आहे. ते बुडातून पाणी ओढतं आणि मागच्या नॉझलमधून (पाणी जोरात फेकणाऱ्या निमुळत्या तोंडातून) बाहेर टाकतं. पाणी मागे, नाव पुढे. बाहेर फिरणारा पंखा नाही, म्हणून खोडात अडकायला काही नाही. आता सांग, ते नॉझल थोडं वर वळवलं तर?"

कस्तुरीनं हातातल्या नळीकडे पाहिलं. "मग नावेची शेपूट खाली दाबली जाईल. आणि शेपूट खाली गेली की नाक वर येईल. तराजूच्या पारड्यांसारखं."

"आणि खाली वळवलं तर नाक खाली. नाकाचा हा कल जुळवून घेण्याला ट्रिम (नावेचा पुढचा-मागचा तोल सांभाळणं) म्हणतात. वेगात असताना नाव पाण्यात बुडून नाही, पाण्यावर घसरत चालते. नाक जरा उचललेलं असलं तर घासणारा भाग कमी, वेग जास्त. पण आज आपण मागे पाण्याची तीन पिंपं ठेवली होती, रुग्णाच्या आणि नर्सबाईंच्या वजनाची. शेपूट जड झाली, नाक फार वर गेलं. फार वर गेलेल्या नाकाला खालून आधार उरत नाही, म्हणून ते पडतं. पाणी त्याला परत वर ढकलतं. पुन्हा पडतं. ही उसळी लाटेची नाही, तोल चुकल्याची आहे."

"मग नाक सगळंच खाली ठेवलं तर?"

"तर ते पाण्यात रुतेल, वेग जाईल आणि नाव सुकाणूचं ऐकेनाशी होईल. एकच कल सगळीकडे चालत नाही. वजन बदललं, वेग बदलला, वळण आलं की तोही बदलायचा. आत्ता टिटवीचं नॉझल मध्यावर पक्कं बसवलंय. त्याला फिरवणारं काहीतरी लावायचंय." त्यांनी दोन खोकी पुढे ओढली. "एकात दांडा आहे. हातानं ढकलायचा, तारेनं नॉझल फिरतं. दुसऱ्यात छोटी मोटार. तिचं वर-खाली दाबायचं बटण सुकाणूच्या चाकावर, अंगठ्याखाली. सोमवारी दवाखान्याच्या समितीला सांगायचंय. महिपत, तुला काय हवं?"

"दांडा," बाबा लगेच म्हणाले. "मोटार बिघडते, पाण्यानं वायर सडते. दांड्यातून पाणी हाताला कळतं."

"कारणं चांगली आहेत," आत्याआजी म्हणाल्या. "उद्या दांडा लावून बघू."

कस्तुरीची नजर बाबांच्या डाव्या हातावर गेली. गेल्या पावसाळ्यात वाऱ्यानं लाँच धक्क्यावर आदळली, तेव्हा तो हात मध्ये सापडला होता. प्लॅस्टर निघाल्यावर बाबांनी सगळ्यांना सांगितलं, हात ठणठणीत झाला. घरी मात्र लोणच्याच्या बरणीचं झाकण कस्तुरीच उघडायची. सदऱ्याची बटणं बाबा एका हातानं लावायचे, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडा लावून टिटवी निघाली. बाबांचा उजवा हात सुकाणूवर, डावा दांड्यावर, वेग पायाखाली. पिंपं मागे तशीच होती. सुरुवात छान झाली. खोडांचा पट्टा जवळ आला तसं नाक वर जाऊन उसळू लागलं. बाबांनी दांडा पुढे ढकलला. तो अर्ध्यावर अडला. डाव्या हाताच्या जोरानं तो पुढे जाईना.

"खाली दोन हात," टिटवी म्हणाली.

बाबांनी सुकाणू सोडून उजवा हात दांड्यावर आणला. तेवढ्या वेळात नाव डावीकडे वळली. पाण्याबाहेर डोकावणारं एक काळं खोड सरळ समोर आलं.

"खाली एक हात."

कस्तुरी उठली आणि बाबांच्या हातांवर आपले हात ठेवून तिनं दांडा सगळ्या ताकदीनिशी रेटला. नाक खाली बसलं. बाबांनी सुकाणू धरून वळवलं आणि ते खोड टिटवीच्या अंगाला घासून मागे गेलं.

"पाण्याला जोर होता," धक्क्यावर उतरताना बाबा म्हणाले. आत्याआजी नावेवरचा ओरखडा बघायला वाकल्या.

बाबा धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले आणि बांधून झालेला दोर पुन्हा बांधू लागले. कस्तुरी त्यांच्याजवळ गेली.

"बाबा, दांडा जड आहे."

"नवा आहे. सवयीनं हलका होईल."

"तुमचा हात भरून येतो. मला ठाऊक आहे."

दोरावरची बोटं थांबली. "कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

बाबांनी दोर खाली ठेवला. "बटण मागितलं की समिती विचारणार, का हवं. मग म्हणणार, हात दाखवा. मग नाव दुसऱ्याच्या हातात. कस्तुरी, मला दुसरं काही येत नाही गं."

तिनं त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी हळूच दाबून पाहिलं. "इथं दुखतं?"

"सकाळी जास्त."

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण आत्याआजी नाव तुमच्यासाठी बनवतात ना? चालवणाऱ्याचा हात कसा आहे हे त्यांना माहीतच नसेल, तर त्या बरोबर कशी बनवतील?"

दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून बाबा आत्याआजींना म्हणाले, "आत्या, या हातात पूर्वीची पकड नाही. आठ महिने झाले."

आत्याआजींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बाळा, बाकाची उंची मी विचारली, पायाचं अंतर विचारलं. हाताचं विचारायला विसरले. चूक माझी आहे."

मग त्या उठल्या, कारण बसून रडण्यापेक्षा मोजमाप करणं त्यांना सोपं वाटे. टिटवी धक्क्याला बांधून त्यांनी दोन्ही साधनांची परीक्षा घेतली. कस्तुरीच्या हातात घड्याळ दिलं. आत्याआजींनी स्वतः दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलला. एक सेकंद. मग मोटार लावून बटण दाबलं. पाच सेकंद.

कस्तुरीचा चेहरा उतरला. "म्हणजे दांडाच जिंकला."

"घड्याळ खोटं बोलत नाही," आत्याआजी म्हणाल्या. "पण आपण त्याला विचारलं काय, तेही बघ. नॉझल फिरायला किती वेळ लागतो, एवढंच विचारलं. माणूस आणि यंत्र मिळून किती वेळ लागतो, हे कुठं विचारलं?"

ते विचारायला तिघं पुन्हा पाण्यावर गेली. तीच पिंपं, तोच पट्टा. खोडं अजून दूर होती, नाक अजून शांत होतं, एवढ्यात बाबांच्या उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं. मोटार गुणगुणली.

"अजून उसळली नाही, बाबा. आत्ताच का दाबलंत?"

"पुढं पाणी फिकट दिसतंय. म्हणजे उथळ आहे, वळावं लागणार. वळताना नाक खालीच हवं."

पाच सेकंदांनी वळण आलं, तेव्हा नाक बरोबर जागी होतं. टिटवी रुळावरून जावी तशी वळली. बटण दाबतानाही सुकाणू हातातच होतं. पुढच्या मोकळ्या पाण्यात बाबांनी दोनदा बटण वरच्या बाजूला टिचकीसारखं दाबलं, नाक जरासं उचललं आणि वेग वाढला.

कस्तुरीला एकदम उमगलं. "मोटार पाच सेकंद उशिरा पोचते, पण बाबांना पाच सेकंद आधीच कळतं."

"अठरा वर्षं लागली त्याला ते आधी कळायला," आत्याआजी म्हणाल्या. "ताकद लावायचं काम मोटारीचं. कधी आणि किती, हे त्याचं."

"मग दांडा वाईट का?"

"मुळीच नाही. तो झटपट आहे, साधा आहे, दुरुस्त करणारा जवळ नसेल तिथं भरवशाचा आहे. भक्कम हाताचा एखादा शर्यतवाला दांडाच मागेल, आणि मी त्याला तोच देईन. चांगलं साधन कोणतं, असं नुसतं विचारून उत्तर येत नाही. कुणाच्या हातात, कुठल्या पाण्यावर, कशासाठी, हे जोडून विचारावं लागतं. आणि महिपत, तुझंही खरं होतं. मोटार बिघडू शकते. म्हणून मागे एक लहान फिरकी बसवते. ती हातानं फिरवून नॉझल मध्यावर आणायचं आणि सावकाश घरी यायचं."

सोमवारी समितीपुढे बाबांनी हाताचं स्वतःच सांगितलं आणि म्हणाले, "आधी नावेत बसा, मग ठरवा." समितीचे पाचही जण बसले. उतरल्यावर त्यांनी मोटारीच्या मंजुरीवर सही केली, आणि चालकाच्या नावापुढे महिपत संकपाळ असं लिहिलं.

आत्याआजी पुण्याला परतल्या त्या नवी वही भरायला. दुसऱ्या दोन फुगवट्यांवरच्या गावांनीही अशी नाव मागितली होती. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी प्रश्न लिहिले होते, आणि त्यांतला पहिला चालकाच्या हातांचा होता. तो कस्तुरीनं सुचवला होता, असं त्यांनी तिथं नमूदही केलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी कारंब्याच्या सोनाबाई ढेबे करवंदं काढताना कातळावरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पाणी तेव्हा सगळ्यात कमी होतं. चौघांनी त्यांना झोळीतून धक्क्यावर आणलं. प्रत्येक पावलाला त्या कण्हत होत्या. टिटवीत आडवं केल्यावर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि शेजारी बसलेल्या कस्तुरीचा हात धरला. पलीकडे बसलेल्या नर्सबाईंनी निघायला मान डोलावली. बाबांनी पाण्याकडे एकदा नीट पाहिलं.

खोडांचा पट्टा आला आणि गेला. मोटार मधूनच गुणगुणत होती, बाबांचा अंगठा हलत होता. "खाली दीड हात," टिटवी म्हणाली. "खाली चार हात." सोनाबाईंची पकड सैल झाली. थोड्या वेळानं त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "पोरी, किती वेळ झाला. निघायचं कधी?"

"निघालो केव्हाच, आजी," कस्तुरी म्हणाली. "तो बघा, दवाखान्याचा धक्का आला."