जमिनीला ताप आला तेव्हा

"ताई, लवकर चल! जमिनीला खरंच ताप आलाय!"

टिकलीने पांघरूण ओढलं तेव्हा भिंगरी जागीच होती. एका जागी टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. पण सुट्टीला मावशीकडे आल्यापासून ती खिडकीशी नुसती बसून होती. शाळेत बाईंनी पृथ्वी तापत चालल्याची फिल्म दाखवली आणि तिने धसकाच घेतला. समुद्र चढणार, नद्या आटणार, मग आपलं काय? आई-बाबांना तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं. काल या चिमुरड्या मावसबहिणीने "तू जेवत का नाहीस?" म्हणून पिच्छा पुरवला, तेव्हा मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "पृथ्वीला ताप आलाय. आणि तो उतरणार नाहीये."

आता टिकली पडली नर्सची मुलगी. ताप म्हटल्यावर हात लावून बघायला नको? पठ्ठी कालपासून दिसेल त्या जमिनीला हात लावत सुटली होती. अंगण गार, रस्ता गार.

"पण मागच्या नव्या बागेत चटका बसला मला!" ती कुजबुजली.

भिंगरी ताडकन उठली. टिकलीच्या दादाला, लंबूला, उठवून तिघं कुंपणाच्या फटीतून बागेत शिरली.

नुकतं उजाडत होतं. थंडी मी म्हणत होती. बागेचं उद्घाटन आजच होतं, त्यामुळे झोपाळ्यांना फुगे बांधलेले होते. पलीकडे हिरवळीचं टेकाड होतं आणि तेवढ्याच टेकाडावर पांढरं धुकं साचलं होतं.

"बाकी कुठेच धुकं नाही. इथेच कसं?" लंबू म्हणाला.

तेवढ्यात धुकं हललं. त्यातून एक कान वर आला. मग दुसरा. गावभरची भटकी कुत्री तिथे अंगाला अंग लावून पडली होती. त्यांच्या कुशीत दोन मांजरं! एकही कुत्रं भुंकलं नाही. सगळी नुसती बघत राहिली.

"कुत्र्याच्या कुशीत म-मांजर?" लंबूची बोबडीच वळली. "हे भलतंच काहीतरी आहे. चला घरी!"

झाडांवर एक पाखरू नव्हतं. टेकाडाकडची पानं तेवढी करपलेली. आणि जमिनीतल्या एका भेगेतून आवाज येत होता. सूंऽऽ... सूंऽऽ...

"श्वास घेतेय ती," टिकली म्हणाली.

भिंगरीला वाटलं, आलं! जे फिल्ममध्ये पाहिलं ते इथवर आलं! तरी ती टेकाडाच्या कडेला वाकली आणि तिने तळवा टेकवला. गरम! हात थोडा सरकवला. गार. पुन्हा मागे आणला. गरम!

"थांबा," ती म्हणाली. "ताप आला की सगळं अंग तापतं ना? हे एवढंच गरम आहे. टिकली, एकच जागा गरम लागली तर मावशी काय म्हणते?"

"गळू!" टिकलीने फटकन सांगितलं. "म्हणजे आत काहीतरी सडतंय!"

लंबूने कपाळावर हात मारला. "अरे देवा! इथे आधी कचऱ्याचा डोंगर होता! त्यावरच माती ओढून हिरवळ अंथरली. आत कचरा धुमसतोय!"

"ए कार्ट्यांनो!" मागून बागेचे कंत्राटदार ओरडले. त्यांचे दोन मजूर पिवळ्या पडलेल्या गवतावर नव्या हिरवळीचे तुकडे डकवायला आले होते. "जमीन उन्हाने तापते. एवढंही शिकवत नाहीत शाळेत?"

"पण काका, सूर्य अजून उगवायचाय!" भिंगरी म्हणाली.

काकांनी त्यांना हाकलूनच दिलं.

मुलांनी धापा टाकत मावशीला गाठलं. "तरीच या भागातले सगळे खोकत दवाखान्यात येतायत!" असं म्हणत तिने लगेच अग्निशमन दलाला फोन लावला. पण बंब लांबून यायचा होता, आणि तोवर बागेत ही गर्दी! नगराध्यक्षबाई आल्या होत्या. गावातली मुलं टेकाडाकडे धावायच्या बेतात होती. मावशी कळवळून सांगत होती, आणि कंत्राटदार हात झटकत होते. "पोरांच्या गप्पा हो!"

भिंगरीला एकदम सुचलं. "काका, बाग बांधली तुम्ही आणि तुमचाच फोटो नाही? त्या हिरवळीवर बसा ना!"

फोटो म्हटल्यावर काका फुलले. कडेलाच ऐसपैस बसले. लंबूने मोबाईल रोखला. "हलायचं नाही हं, काका! हसा... अजून थोडं..."

काका हसले. मग उजवीकडे कलले. मग डावीकडे. मग "आई गंऽऽ!" करून पँट धरून असे उडाले की सगळी बाग खो-खो हसली!

नगराध्यक्षबाईंनी वाकून जमिनीला हात लावला, आणि हसू जागच्या जागी थांबलं. त्या शांततेत सगळ्यांनीच ऐकलं. सूंऽऽ...

बंब आला. दलाच्या प्रमुख ताईंनी सगळ्यांना लांब केलं आणि लोखंडी सळई टोचली. ती सरसर आत गेली आणि भोकातून धूर उसळला. "आत पोकळ झालंय," त्या म्हणाल्या. "इथे मुलं नाचली असती तर..." कंत्राटदारांची मान खाली गेली.

टेकाड उकरून आग विझवायला बरेच दिवस लागले. काकांवर चौकशी बसली. नगराध्यक्षबाईंनी तिघांची पाठ थोपटली. प्रमुख ताई म्हणाल्या, "शाबास! असा कचरा कुजतो, धुमसतो, तेव्हा हवासुद्धा तापते. तेवढा ताप तुम्ही उतरवलात!"

"पण बाकीच्या पृथ्वीचं काय?" भिंगरीने विचारलं. "मला फार भीती वाटते."

ताई तिच्याशेजारी बसल्या. "खोटं नाही सांगत, मलाही वाटते. प्रत्येक आगीच्या वेळी वाटते. पण आमचा एक नियम आहे. आगीत एकट्याने शिरायचं नाही."

भिंगरीला रडू फुटलं. एवढे दिवस ती एकटीच आत शिरून बसली होती! मावशीने तिला जवळ घेतलं. पुष्कळ वेळाने तिने डोळे पुसले.

"मावशी, आईला फोन लाव ना," ती म्हणाली. "तिला सगळं सांगायचंय. पहिल्यापासून."