हॉर्न वाजेना म्हणून

हॉर्न वाजेना म्हणून मी गाडी गॅरेजात नेली, इतकंच. प्रेमात पडायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि त्राणही. मी घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले खांदे-गुडघे मोकळे करते. संध्याकाळपर्यंत माझेच खांदे जागेवर आहेत की नाहीत, कळत नाही.

गॅरेजातला वायरमन माझ्याच वयाचा. त्यानं स्टिअरिंगचं मधलं झाकण काढलं, आत पाहिलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, गाडी इथंच ठेवा. मी म्हटलं, अहो, सहा पेशंट खोळंबलेत, हॉर्नचं तेवढं बघा. त्यावर त्यानं जे सांगितलं, ते ऐकून मी पेशंट विसरले. हे चामड्याचं देखणं स्टिअरिंग कुणीतरी नंतर बसवलेलं होतं. मूळ स्टिअरिंग गेलं, त्याच्याबरोबर एअरबॅगही गेली. धडक बसली असती तर छाती थेट स्टिअरिंगवर... आणि दोन वर्षांपूर्वी ही जुनी गाडी घेताना मी याच स्टिअरिंगवर भाळले होते!

"पण एअरबॅगचा दिवा तर कधी लागून राहिला नाही," मी म्हटलं.

"तारांना छोटा रेझिस्टर जोडलाय. गाडीला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे."

असले उद्योग करतं कोण, म्हणून मी चिडले. तो मान खाली घालून तारा गुंडाळू लागला.

एअरबॅगसकट मूळ स्टिअरिंग यायला चार दिवस लागणार होते. तोवर तो सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत मला स्वतःच्या गाडीतून पेशंटकडे सोडू लागला. मी सिग्नलला डुलकी काढायचे, तो रेडिओ बारीक करायचा. एकदा म्हणाला, खुशाल झोपा, पण झोपेत ब्रेक दाबू नका, माझाच पाय दचकतो. मी म्हटलं, तुम्ही समोर बघा, माझ्या पायांकडे नको. त्याचे कान लाल झाले. मला हसू आलं — कितीतरी दिवसांनी.

चौथ्या दिवशी गाडी तयार झाली. किल्ली माझ्या हातात दिली, पण त्यानं ती सोडलीच नाही.

"ते स्टिअरिंग मीच बसवलं होतं. आधीच्या मालकाच्या हट्टापायी. दिवा विझेना म्हणून रेझिस्टरही मीच घातला. तेव्हा मोठी हुशारी वाटली होती. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं... पण मग तुम्ही माझ्याशी बोलला नसता."

किल्ली हिसकावून मी गाडीत जाऊन बसले. दोन वर्षं मी रोज, अर्धवट झोपेत, त्या स्टिअरिंगमागे बसत होते. संतापानं मी दार आपटलं. तो समोर उभा होता; सबब नाही, गयावया नाही. गप्प बसला असता तर मला जन्मात कळलं नसतं.

मी काच खाली केली. "अशा किती गाड्या?"

"चार. दोन शोधून बदलून दिल्या. ही तिसरी. चौथी विकली गेली, पत्ताच लागत नाही."

मी फार दमले होते. राग होताच, आणि हा माणूस मला हवा होता, तेही तितकंच खरं.

"दिवसभर मी गल्लीबोळच हिंडते," मी म्हटलं. "रंग सांग. रविवारी दोघं मिळून शोधू."

"निळी," तो म्हणाला, इतक्या हळू की नीट ऐकायला मला शेजारच्या सीटचं दार उघडावं लागलं.