खालच्या पातीचं चामडं

हे लिहून ठेवायचं नाही, असं मेओरने जवळपास ठरवलंच होतं. वाचणारा म्हणणार, पोराला काम नाही. पण उद्या आपले हात आपल्या ऐकण्यात असतील की नाही, याची त्याला खात्री वाटेना. म्हणून लिहिलं.

मेओरच्या घराकडे सुलतानाची नौबत वाजवायचं काम पिढीजात. सामुद्रधुनीपलीकडून आलेल्या पहिल्या सुलतानाने ती होडीतून आणली. त्याला दोन मुलगे. थोरला नदीच्या वरच्या अंगाला राहिला, धाकटा खाली मुखाशी, आणि घराण्याच्या दोन पाती झाल्या. मोठ्या ढोलाची एक बाजू वरच्या पातीची, दुसरी खालच्या. ज्या पातीचा राजा, तिची बाजू वाजवायची. ती वाजल्याशिवाय कुणी सुलतान होत नाही.

खालची बाजू कैक पिढ्या मुकी होती. चामडं ओल्या पापडासारखं लोंबलेलं. ती ज्याच्यासाठी वाजली तो एकही राजा वर्षभर जगला नव्हता, म्हणून मग गादी कायमची वरच गेली.

खालच्या पातीतला शेवटचा पुरुष इस्खान. नावापुढे राजा, आणि धंदा जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मेओरचा लहानपणापासूनचा दोस्त.

वर्षातून एकदा ढोलांना धूप दाखवून घराण्याची नावं पुकारतात. यंदा पाकलोंगांचे, म्हणजे थोरल्या काकांचे, हात फारच कापायला लागले, तेव्हा काम मेओरकडे आलं. खालच्या पातीचं नाव घ्यायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

इस्खान दारात उभा राहून केळ्याची भजी खात होता. "आमचंही घे की रे नाव. धुपाला काय बिल येतं?"

मेओर हसला. आणि घेतलं.

दुसऱ्या दिवशी ढोल पुसताना बोट लागलं, तर खालचं चामडं ताठ. दोऱ्या कुणी ओढलेल्या नव्हत्या, गाठींवरची बुरशी होती तशीच होती. त्याने गाठी सोडून चामडं सैल केलं. सकाळी परत ताठ. आणि हाताला ऊन लागत होतं, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं.

त्याच आठवड्यात युवराज गेला, जेवता जेवता. मागोमाग त्याचा भाऊ. वरच्या पातीत आजारी सुलतान तेवढे उरले.

पाकलोंगांनी चामड्याला तळवा लावला. "कुणाचं नाव घेतलंस?"

मेओरने सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सुलतानही गेले. नवा सुलतान झाल्याशिवाय जुन्याला पुरत नाहीत, त्यामुळे नौबत दुसऱ्याच दिवशी.

मेओर जेटीवर पोचला तेव्हा राजवाड्याची गाडी वळून निघत होती. पान्यांच्या ढिगावर सुलतानानेच नेसायच्या पिवळ्या कापडाची घडी ठेवलेली. मागच्या खोलीत इस्खानची पोटुशी बायको कुराण वाचत होती.

इस्खान चिंधीने हात पुसत होता. ग्रीस केव्हाच निघालं होतं.

"गमतीत म्हटलं होतं रे मी."

"माहितीय."

"नाही म्हणायची सोय नाही म्हणतात. पण नौबतच वाजली नाही, तर मी सुलतान नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि वाजवणारा तू एकटा."

मेओर त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"नाही वाजवणार. मान कापली तरी नाही. शब्द देतो तुला."

इस्खानने मान हलवली. पण तो मेओरच्या तोंडाकडे बघतच नव्हता.

तो खाली बघत होता. उपड्या डब्यावर मेओरची बोटं हळूहळू ताल धरत होती. गादीवर बसवतानाचा, लहानपणी एकदाच कानावर पडलेला.

पाकलोंगांनी तो त्याला अजून शिकवलाच नव्हता.